अथेन्सची वेस आणि परदेशी विद्यार्थी

मंडळी, ओळखीपाळखीतला कोणी मुलगा वा मुलगी शिकावयास परदेशी गेली, की पहिल्या महिन्याभरात घरी जी खुशाली येते तीत एक गोष्ट हटकून असते. तिथल्या विद्यापीठाने नव्या मुलांना एकत्र केले, बरोबर एक माहीतगार माणूस दिला आणि दिवसभर शहर हिंडवून दाखवले. हा पुतळा अमक्याचा, ही इमारत तमक्या राजाची, इथे तह झाला, तिथे फाशी दिली. मागोमाग फोटो येतात आणि घरची माणसे ते कौतुकाने शेजारीपाजारी दाखवतात. आपल्याला वाटते, ही सगळी हल्लीची टूम आहे. पण तसे नाही बरे का! परमुलखातून शिकावयास आलेल्या मुलांना शहर आणि त्याचा परिसर दाखवण्याचा हा प्रघात निदान एकवीसशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याची चांगली लेखी हकीकत ग्रीस देशातल्या अथेन्स नगरीबद्दल सापडते.

ती हकीकत आज सांगावयाची आहे. पण केवळ जुनी गंमत म्हणून नव्हे. मुलांना परक्या गावी हिंडवावयाचे ते कशासाठी, त्यांना काय दाखवावयाचे, आणि दाखवता दाखवता नेमके काय झाकले जाते, हा प्रश्न ज्यांच्या हाती मुले आहेत अशा सर्वांचाच आहे. अथेन्सची गोष्ट त्या प्रश्नाला थेट जाऊन भिडते.

आधी थोडी मागची माहिती. अथेन्सचा राजकीय भरभराटीचा काळ म्हणजे इ.स.पूर्व पाचवे शतक. पुढे आरमार गेले, साम्राज्य गेले, सत्ता गेली. मग उरले काय? तर शाळा उरल्या. इ.स.पूर्व चौथ्या शतकात प्लेटो नगराच्या वेशीबाहेर एका राईत शिकवू लागला. त्या राईचे नाव अकादमी. आज आपण गावोगावी ज्या अकादम्या काढतो त्यांचे नाव त्या झाडांच्या राईवरून आलेले आहे. ॲरिस्टॉटल लायसियम नावाच्या दुसऱ्या राईत शिकवी, एपिक्युरस आपल्या बागेत, आणि झेनो बाजारपेठेच्या कडेला असलेल्या एका खांबांच्या पडवीत. गुरू गेले, तरी त्यांच्या गाद्या चालू राहिल्या. होता होता सबंध भूमध्य समुद्राच्या काठावरची खात्यापित्या घरची मुले शिकण्यासाठी अथेन्सला येऊ लागली.

त्या काळी अथेन्समध्ये अठरा वर्षांच्या नागरिक तरुणांसाठी सरकारी शिक्षणाची एक व्यवस्था होती. मुळात ती लष्करी कवायतीसाठी होती, पण पुढे तिच्यात विद्येची भर पडली. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस परदेशी मुलांनाही तिच्यात घेऊ लागले. वर्ष संपले की या तरुणांची वाखाणणी करणारे ठराव दगडावर कोरून लावत, आणि ते शिलालेख अजून शिल्लक आहेत. त्यांत काय लिहिले आहे? तर मुले तत्त्वज्ञांच्या व्याख्यानांना नेमाने बसली, टॉलेमीच्या व्यायामशाळेतील ग्रंथालयाला त्यांनी शंभर पुस्तके दिली, आणि आणखी असे की ती मॅरेथॉनला जाऊन आली. इराणच्या फौजेशी लढताना इ.स.पूर्व ४९० मध्ये तेथे जे अथेनियन पडले, त्यांच्या समाधीच्या टेकाडावर मुलांनी पुष्पमाळा वाहिल्या. नावा वल्हवीत ती सलामिस बेटाला गेली आणि तिथल्या विजयस्तंभापाशी त्यांनी यज्ञ केला.

म्हणजे पाहा, ही सरकारी सहल झाली. तिची वाट ठरलेली, विधी ठरलेला, आणि सांगावयाची गोष्टही ठरलेली. आमचे पूर्वज असे लढले, असे जिंकले. तुम्ही तसे व्हा. असे सांगण्यात वावगे काही नाही. प्रत्येक देश आपल्या मुलांना, आणि पाहुण्यांच्या मुलांनाही, आपल्या जयाच्या जागा दाखवतो. पण हा प्रघात पडून पन्नास वर्षेही झाली नाहीत तोच अथेन्सवर असा प्रसंग आला की त्याची समाधी बांधावयास कोणी उरले नाही.

इ.स.पूर्व ८८ मध्ये पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याने रोमविरुद्ध युद्ध पुकारले आणि अथेन्सने त्याची बाजू घेतली. रोमचा सेनापती सुल्ला फौज घेऊन आला. इ.स.पूर्व ८७ च्या शरदात त्याने नगराला वेढा घातला. तट फोडण्यासाठी यंत्रे बांधावयाची तर लाकूड पाहिजे. सुल्लाने अकादमीची राई तोडली आणि लायसियमचीही तोडली. ज्या झाडांखाली प्लेटोची परंपरा तीनशे वर्षे चालली होती, त्या झाडांचे तट फोडण्याचे गाडे झाले. आत नगरात दुष्काळ पडला. धान्य सोन्याच्या मोलाने विकू लागले. माणसे किल्ल्यावर उगवणारा पाला खाऊ लागली, चामड्याचे जोडे आणि तेलाचे बुधले उकडून खाऊ लागली, असे प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो.

अखेर नगरातून काही माणसे बोलणी करावयास सुल्लाकडे गेली. गेली ती गेली, आणि तिथे जाऊन त्यांनी व्याख्यान सुरू केले. आमचा राजा थीसियस असा होता, आम्ही इराण्यांना असे हरवले, इत्यादी. सुल्लाने त्यांना वाटेला लावले. आपल्याला रोमने इथे विद्या शिकण्यासाठी पाठवलेले नाही, बंडखोर मोडून काढण्यासाठी पाठवले आहे, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. इ.स.पूर्व ८६ च्या १ मार्चला नगर पडले. त्या रात्री इतकी कत्तल झाली, की डिपिलॉन नावाच्या वेशीच्या आतला सारा भाग रक्ताने भिजला, आणि रक्त वेशीतून बाहेर वाहिले असेही कित्येक सांगत. पुढे कोणीतरी रदबदली केली, तेव्हा मेलेल्यांच्या पुण्याईवर जिवंतांना सोडतो, असे म्हणून सुल्लाने हात आवरला. हेही प्लुटार्कनेच नोंदवले आहे.

ही वेस लक्षात ठेवा. आता आपण तिच्यातून बाहेर पडणार आहोत.

सात वर्षे गेली. इ.स.पूर्व ७९ मध्ये रोमहून काही तरुण मंडळी अथेन्सला आली. त्यांतल्या एकाचे नाव सिसेरो. वय सत्तावीस, धंदा वकिलीचा, आणि पुढे रोमचा सर्वांत मोठा वक्ता म्हणून गाजायचा होता. तो रोम सोडून का आला? बोलण्याच्या श्रमाने प्रकृती खालावली होती, असे तो स्वतः सांगतो. आदल्या वर्षी त्याने सुल्लाच्या एका मर्जीतल्या माणसाविरुद्ध खटला लढवला होता, म्हणून भीतीने आला, असे प्लुटार्क सांगतो. दोन्हीही खरे असू शकेल. बरोबर धाकटा भाऊ क्विंटस होता, चुलतभाऊ लुसियस होता, आणि पिसो नावाचा मित्र होता. शिवाय ॲटिकस होता. हा ॲटिकस अथेन्समध्येच घर करून राहिलेला. युद्धानंतर नगर कर्जात बुडाले तेव्हा त्याने पिळवणूक न करता पैसा उभा करून दिला, लोकांना धान्य वाटले. मूळचा रोमचा माणूस, पण अथेन्सशी इतका एकजीव झाला की अथेन्स ज्या ॲटिका प्रांतात आहे त्या प्रांताचेच नाव त्याला चिकटले.

ही मंडळी अँटिओकस नावाच्या गुरूकडे शिकत होती. अँटिओकस अकादमीच्या परंपरेतला, पण त्याचे वर्ग वेशीबाहेरच्या अकादमीत भरत नसत. ते भरत नगरातल्या टॉलेमीच्या व्यायामशाळेत. एके दिवशी व्याख्यान आटोपल्यावर पाच जणांनी ठरवले की दुपारी अकादमीकडे फिरावयास जावे. त्या वेळी तिथे वर्दळ नसते. ठरल्याप्रमाणे सारे पिसोच्या बिऱ्हाडी जमले आणि डिपिलॉन वेशीतून बाहेर पडले. तिथून अकादमी सहा स्टेडिया, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण अकराशे मीटर. रमतगमत गेले तरी पंधरा-वीस मिनिटांची वाट. या फेरफटक्याची हकीकत सिसेरोने पुढे आपल्या एका तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात घातली आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या नगरदर्शनाचे इतके जिवंत वर्णन प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

तिथे पोचल्यावर पिसो म्हणतो की थोर माणसे जिथे वावरली ती जागा डोळ्यांनी पाहिली, की त्यांच्याविषयी ऐकण्यावाचण्याने हलते त्याहून जास्त मन हलते. त्याला प्लेटो आठवतो. प्लेटोनंतरचे गुरू कुठे बसत ती बैठकही समोर दिसते आहे. क्विंटस नाटकांचा वेडा. वाटेत त्याची नजर कलोनस गावाकडे लागलेली, कारण सोफोक्लीज या नाटककाराचे ते गाव, आणि आंधळा इडिपस राजा भटकत भटकत तिथेच आला असे त्याने नाटकात दाखवलेले. ॲटिकस एपिक्युरसच्या पंथाचा. त्याला वाटेत लागलेली गुरूची बाग आठवते. आमच्या पंथाचे लोक त्याची छबी पेल्यांवर आणि अंगठ्यांवरसुद्धा काढून घेतात, असे तो हसत सांगतो. सिसेरोला दिसते कार्निएडीज या वादपटूची रिकामी बैठक. तिला त्याचा आवाज आठवत असेल असे त्याला वाटते.

राहिला लुसियस, सगळ्यांत लहान. पिसो त्याला विचारतो तेव्हा पोराच्या चेहऱ्यावर लाली चढते. तो सांगतो, मी फालेरमच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. डेमॉस्थिनीज हा वक्ता लाटांच्या गर्जनेवर आपला आवाज चढवावयास शिकला तो हा किनारा. आणि आत्ताच येताना मी जरा उजवीकडे वळून पेरिक्लीजच्या समाधीपाशी गेलो होतो. पण या नगरीत असे करू लागले तर अंतच नाही, जिथे पाय टाकावा तिथे इतिहासच पायाखाली येतो.

गुरुजनहो, या पोराकडे नीट पाहा. त्याला किनाऱ्यावर कोणी नेले नव्हते. समाधीकडे वळ असे कोणी सांगितले नव्हते. वक्ता व्हावयाचे त्याच्या मनात होते, म्हणून पाय आपोआप तिकडे वळले, आणि ते सांगताना तो लाजला. खरी शिकणारी मुले अशीच लाजतात. यावर पिसोने जे म्हटले त्याचा मथितार्थ असा, की ही ओढ त्या थोर माणसांसारखे होण्याकडे नेत असेल तर ती बुद्धिमंताची ओढ. नुसत्या जुन्या खाणाखुणा पाहून घेण्यापुरती असेल तर ती बघ्याची हौस. सहलीला मुले नेणाऱ्या प्रत्येकाने हे मनाशी धरून ठेवावे.

येथवर सारे छान. पण आता आपण एक प्रश्न विचारू. ही मंडळी ज्या वेशीतून बाहेर पडली ती वेस कोणती? सातच वर्षांपूर्वी जिच्यातून रक्त वाहिले म्हणत, तीच. ते जाऊन थांबले ती जागा कोणती? रोमच्या सेनापतीने जिथली झाडे तोडून नेली, तीच. सात वर्षांत झाडे पुन्हा कितीशी वाढणार! आणि तिथे आपल्याला हवा होता तसा एकांत मिळाला असे सिसेरो समाधानाने लिहितो. तो एकांत दुपारच्या वेळेमुळे होता हे खरे. पण जिथे राई होती, तिथे राईच उरली नव्हती, हेही तितकेच खरे. अकादमीचा प्रमुख फिलो इ.स.पूर्व ८८ मध्येच जीव वाचवून रोमला पळाला होता. त्याच्याच पायाशी बसून अठरा वर्षांच्या सिसेरोने तत्त्वज्ञानाचे पहिले धडे घेतले होते. हे सारे त्याला पुरते ठाऊक होते.

असे असूनही पाच जणांच्या त्या संभाषणात वेढ्याचा शब्द नाही, कत्तलीचा शब्द नाही, तोडलेल्या झाडांचा शब्द नाही. प्लेटो आठवतो, सोफोक्लीज आठवतो, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पेरिक्लीज आठवतो. सात वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी काय केले ते कोणी काढीत नाही. फक्त एक ओझरता उल्लेख येतो. पिसो म्हणतो, रोममधले आपले जुने सभागृह पाहूनही मला पूर्वीची मोठी माणसे आठवत; नवे मोठे बांधल्यापासून मात्र ते मला लहान वाटते. ते सभागृह पाडून मोठे केले कोणी? सुल्लाने. पण नाव तेवढे ओठांवर येत नाही.

याचा दोष लगेच सिसेरोच्या माथी मारू नका. इ.स.पूर्व ७९ मध्ये सुल्ला जिवंत होता, त्याच्याविषयी परक्या गावीही जपूनच बोलावे लागे. शिवाय अथेन्सचे लोक स्वतः तरी हे बोलत होते काय? त्यांचे पोट आता याच रोमन विद्यार्थ्यांवर आणि प्रवाशांवर चालले होते. ज्याच्याकडून चार पैसे मिळावयाचे त्या पाहुण्याला, तुझ्या लोकांनी आमची राई तोडली, असे कोण सांगणार? जित आणि जेता दोघांनाही गप्प राहणे सोयीचे झाले. जुन्या वैभवाची कथा मात्र दोघांनाही गोड लागत होती, म्हणून तीच सांगितली गेली आणि तीच ऐकली गेली.

परंतु एवढ्यावर थांबलो तर न्याय होणार नाही. सुल्ला म्हणाला होता, मी शिकावयास आलेलो नाही. त्याच रोमची ही मुले त्याच वेशीशी शिकावयास आली होती, हरलेल्या नगरातल्या गुरूसमोर खाली बसली होती. ऱ्होड्स बेटावर सिसेरोचे ग्रीक भाषेतले भाषण ऐकून तिथला गुरू अपोलोनियस मोलोन बराच वेळ गप्प बसला आणि मग खिन्नपणे म्हणाला, की ग्रीसजवळ विद्या आणि वाणी एवढेच उरले होते, आता तेही तुझ्यामुळे रोमला जाणार, असे प्लुटार्क सांगतो. त्या गुरूला शिष्याचे कौतुक होते आणि दुःखही होते.

आता या गोष्टीचा दुसरा पदर. सिसेरोने हा फेरफटका लिहून काढला तो चौतीस वर्षांनी, इ.स.पूर्व ४५ मध्ये. लाजणारा लुसियस कधीच वारला होता, इ.स.पूर्व ६८ साली. त्या ४५ च्या फेब्रुवारीत सिसेरोची लाडकी लेक टुलिया वारली होती. आणि त्याच वसंत ऋतूत त्याचा वीस वर्षांचा मुलगा मार्कस शिकण्यासाठी अथेन्सला निघाला होता. म्हणजे बापाने आपली जुनी वाट लिहावयास घेतली तेव्हा पोरगा त्याच वाटेवर होता.

या मुलाच्या शिक्षणाची बापाने केलेली खटपट पत्रांतून वाचावयास मिळते, आणि वाचताना वाटते की दोन हजार वर्षांत आईबाप काही बदललेले नाहीत. मार्कसला खरे म्हणजे स्पेनला सीझरच्या लढाईवर जावयाचे होते. बापाने समजूत घालून अथेन्सला धाडले. रोममधल्या भाड्याच्या घरांचे उत्पन्न त्याच्या खर्चाला लावून दिले. इतर सरदारांच्या मुलांपेक्षा त्याला कमी पडू नये ही काळजी. पैसे रोख न्यावे लागतील की अथेन्सवर हुंडी मिळेल, याची चौकशी ॲटिकसकडे केली. एवढे करूनही पोरगे दारूच्या नादी लागल्याची कुणकुण आली. गॉर्जियस नावाच्या एका शिक्षकाची संगत सोडावी असा बापाने हुकूम धाडला.

इ.स.पूर्व ४४ मध्ये मार्कसने बापाचा विश्वासू चिटणीस टायरो याला लिहिलेले एक पत्र शिल्लक आहे. पत्र मोठे गमतीचे आहे. आपण आता अगदी सुधारलो आहोत, गुरू क्रॅटिपस आपल्याला शिष्यासारखे नव्हे तर मुलासारखे वागवतात, दिवसभर आणि पुष्कळदा रात्रीही आपण त्यांच्याबरोबर असतो, ते जेवणाच्या वेळी न सांगता येतात आणि थट्टामस्करी करतात, असे सारे सांगून शेवटी मुद्दा येतो. व्याख्याने उतरवून घेण्यात फार वेळ जातो, तरी एखादा लेखनिक पाठवून द्यावा, ग्रीक असल्यास उत्तम! वसतिगृहातून आलेली पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा शेवट ओळखीचा वाटेल.

त्या वर्षी सिसेरो मुलाला भेटावयास अथेन्सला निघाला होता. पण वारा उलट फिरला, रोमहून बातम्या आल्या, आणि तो अर्ध्या वाटेवरून परतला. त्याऐवजी त्याने कर्तव्याविषयीचा एक ग्रंथ मुलाला उद्देशून लिहिला. मार्कस मात्र तोपर्यंत वेगळ्याच माणसाच्या हाती लागला. सीझरचा वध करणारा ब्रूटस अथेन्सला आला. वरकरणी तो तत्त्वज्ञांची व्याख्याने ऐकत बसे, पण आतून फौज जमवीत होता. त्याने रोमन विद्यार्थी गोळा केले. त्यांत मार्कस होता आणि पुढे महाकवी झालेला हॉरेसही होता. ज्या ग्रंथात सिसेरोने तो फेरफटका लिहिला, तो त्याने याच ब्रूटसला अर्पण केला होता. इ.स.पूर्व ४३ च्या ७ डिसेंबरला सिसेरोला मारण्यात आले; पुढच्या वर्षी फिलिपाय येथे ब्रूटसची फौज मोडली. मार्कस आणि हॉरेस दोघेही वाचले.

स्वातंत्र्यासाठी पडलेल्यांच्या समाध्या जिथे मुलांना दाखवतात, तिथली मुले एके दिवशी त्या शब्दाच्या हाकेला ओ देऊन उठतात. शहर दाखवणे ही निरुपद्रवी करमणूक नव्हे, हे यावरून कळेल.

यानंतर पुढच्या काळात ग्रीसमध्ये पगारी वाटाड्यांचा धंदा बोकाळला. प्लुटार्क डेल्फीच्या देवस्थानात पुजारी होता. त्याच्या एका संवादात एक चुणचुणीत परदेशी तरुण देवस्थान पाहावयास येतो, आणि वाटाडे आपली ठरलेली पोपटपंची सुरू करतात. प्रत्येक पुतळ्यावरचा लेख वाचावयाचाच! थोडक्यात सांगा असे पाहुण्यांनी विनवले तरी ते ऐकत नाहीत. तरुणाला पुतळ्याच्या काशाचा निळसर रंग कशाने आला हे समजून घ्यावयाचे असते, आणि वाटाड्यांच्या पाठांतरात त्याचे उत्तर नसते. मग बरोबरच्या जाणत्या मंडळींत त्यावर चर्चा रंगते आणि तीच खरी शिकवण ठरते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडलेला पॉसेनियस तर आर्गोसच्या वाटाड्यांविषयी लिहितो, की आपण सांगतो ते सगळेच खरे नाही हे त्यांना ठाऊक असते, तरी ते सांगतच राहतात, कारण लोकांच्या मनात बसलेले बदलणे सोपे नाही.

आणि चौथ्या शतकात? तेव्हा नव्या विद्यार्थ्याला अथेन्स दाखवीत ते जुने विद्यार्थी. लिबेनियस नावाचा सिरियातला तरुण इ.स. ३३६ मध्ये शिकावयास आला, तर एका गुरूच्या चेल्यांनी त्याला पळवले आणि आमच्याच गुरूकडे शिकेन अशी शपथ घेईपर्यंत कोंडून ठेवले. नवख्याची बाजारपेठेतून मिरवणूक काढून त्याला स्नानगृहापर्यंत नेत, दारात आरडाओरडा करून भेदरवीत, मग आपल्यात घेत; हे ग्रेगरी या पुढे धर्मगुरू झालेल्या विद्यार्थ्याने लिहून ठेवले आहे. हल्लीच्या रॅगिंगला नावे ठेवताना हे ध्यानात असावे. पुढे इ.स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने अथेन्समधले तत्त्वज्ञानाचे अध्यापन बंद झाले, आणि विद्यार्थ्यांची ती रहदारी आटली.

आज डिपिलॉन वेशीचे अवशेष उकरून मोकळे केलेले आहेत आणि अकादमीची जागा म्हणजे अथेन्समधली एक सार्वजनिक बाग आहे. आता तिथे झाडे आहेत. आपल्याकडची जी मुले शिकण्यासाठी युरोपात जातात, त्यांनी तिथे जरूर जावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या बहुतेकांना अथेन्सला जावयाचे नाही. आपली सहल जाणार तालुक्याच्या किल्ल्यावर, लेण्यांना, फार तर एखाद्या शहराला. पण धडा तोच आहे. सहलीआधी आठ दिवस मुलांना त्या जागेची एखादी गोष्ट सांगा आणि प्रत्येकाला त्यातले एक माणूस निवडू द्या. तिथे पोचल्यावर लगेच बोलू नका. जरा वेळ मुलांचे पाय कुठे वळतात ते पाहा. एखादा लुसियस मागे राहून उजवीकडे वळला, तर त्याला रांगेत ओढू नका. त्याने विचारलेला प्रश्न आपल्या टिपणात नसेल, तर टिपण खिशात घाला.

आणि शेवटी मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावयास शिकवा: इथे कोण हरले? किल्ल्यावर विजयाची गोष्ट सांगून झाली की तुटक्या पायऱ्याही दाखवा. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या कित्येक किल्ल्यांच्या वाटा आणि तट मुद्दाम मोडले. त्या मोडलेल्या दगडांतही इतिहास आहे. जिथे आपण जिंकलो तिथे दुसरे कोणी हरले होते, हेही सांगावयास कचरू नका. मुलांना ते झेपते. डिपिलॉनच्या वेशीतून त्या दुपारी पाच हुशार तरुण गेले आणि त्यांना सारे काही आठवले, एवढे एक सोडून. आपल्या मुलांना वेशीतून नेताना तेवढे एक आठवण करून देणारा माणूस बरोबर असावा, आणि तो माणूस बहुधा तुम्हीच असणार आहात.